क्रिटेरियममध्ये वीस मिनिटांतच ग्रुप सुटतो: चाकं बदलू की इंटरवल वाढवू?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी मला तो कसा कळला ते सांगतो. तुम्ही सोलापूरचे, वय 38, वजन 72 किलो. 200 पासून 600 किलोमीटरपर्यंतच्या सगळ्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, वेळेत पूर्ण केल्यात. रविवारी तुळजापूरला जाऊन येता, घाटाचं विशेष काही वाटत नाही. पुण्यात पहिल्यांदा क्रिटेरियमला, म्हणजे छोट्या बंद रस्त्यावर लॅपमागून लॅप मारायच्या सायकल शर्यतीला, उतरलात. 1.2 किलोमीटरचा लॅप, चार काटकोनी वळणं, 40 मिनिटं अधिक 3 लॅप, चाळीसेक स्पर्धक. अकराव्या लॅपच्या सुमारास ग्रुप सुटला, म्हणजे तुम्ही मागे पडलात, आणि थोड्याच वेळात पंचांनी बाहेर काढलं. घरातल्या ट्रेनरवर एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद, 230 वॅट येतो. आता विचारताय की कार्बनची चाकं घ्यावीत, की आठवड्यात आणखी दोन दिवस इंटरवल (मधे दम खात मारायचे जोरदार प्रयत्न) करावेत.

दोन्हीही आत्ता नको. कारण तुमच्याच प्रश्नात मधोमध एक वाक्य आहे: ‘पडायची भीती होती म्हणून मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिलो, पण प्रत्येक वळणानंतर जीव तोडून पॅडल मारावं लागत होतं, पुढची मंडळी मात्र आरामात दिसत होती.’ ती खरोखरच आरामात होती. तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त काम करून हरलात.

हिशोबच मांडू. ग्रुप सरळ रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या वेगात आहे. पहिले आठ-दहा जण वळणात 36 च्या आसपास वेग ठेवतात, कारण त्यांच्यासमोर मोकळा रस्ता असतो. त्यांच्यातल्या एकानं ब्रेकला जरा हात लावला की मागचा थोडा जास्त लावतो, त्याच्या मागचा आणखी थोडा. शेवटच्या माणसापर्यंत येईतो वेग 25 वर आलेला असतो. सिग्नल सुटल्यावर पहिली गाडी लगेच निघते आणि विसावी अजून पहिल्या गिअरमध्येच रखडलेली असते, तसंच हे. शेवटचा माणूस 25 वर असतो तेव्हा पुढचे 40 ला पोचलेले असतात, आणि त्यांना गाठायला त्याला ग्रुपपेक्षाही जास्त वेग घ्यावा लागतो.

माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरा. 36 वरून 40 ला जायला साधारण 900 ज्यूल लागतात. 25 वरून 40 ला जायला 3000. फरक 2000 ज्यूलचा, एका वळणाला. तुमच्या शर्यतीत 40 मिनिटांत बावीसेक लॅप, वर 3, म्हणजे 25 लॅप आणि 100 वळणं. दोन लाख ज्यूल पाऊण तासावर पसरले तर सरासरी 75 वॅटच्या आसपास येतात. हा हिशोब ढोबळ आहे, हवेचा रोध आणि मधे पाय थांबवून मिळणारी विश्रांती यात धरलेली नाही. तरी 230 एफटीपीच्या माणसाला 75 वॅट म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. शिवाय ते वॅट सावकाश द्यायचे नसतात, पाच-सहा सेकंदांच्या हिसक्यांनी द्यायचे असतात. कोणतंही चाक तुम्हाला 75 वॅट देणार नाही. सहा महिने घाम गाळूनही एफटीपी 75 नं वाढण्याची शक्यता कमीच. पंचवीस जागा पुढे सरकलात तर मात्र यातले बहुतेक वॅट वाचतात.

बीआरएमचा पाया वाया गेला असं समजू नका. पण 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तिथे शहाणपण कशात, तर एकसारखं चालवण्यात, कुणाच्या नादी न लागण्यात, मागे राहिलं तर राहण्यात. क्रिटेरियममध्ये नेमक्या याच सवयी अंगलट येतात. तिथे एकदा पाच मीटरची फट पडली आणि तुम्ही ‘हळूहळू भरून काढू’ म्हणालात, की संपलं. पाच मीटर मागे म्हणजे वारा एकट्याच्या अंगावर, आणि 40 च्या वेगात ग्रुपच्या आडोशाला जे काम होतं त्याच्यापेक्षा तिथे बरंच जास्त काम पडतं.

आता हे परिस्थितीवरही अवलंबून आहे, ते मान्य करतो. लॅप लंबगोल असेल, ब्रेक न लावता फिरता येत असेल, तर मागे राहण्याचा तोटा फारच कमी आणि मागे बसून शर्यत काढता येते. स्पर्धक पंधराच असतील तर शेवटचा माणूससुद्धा काही फार मागे नसतो. आपल्याकडच्या स्थानिक शर्यतींत कधी कधी हायब्रिडवाले, नवशिके आणि राज्यस्तरावर खेळलेली पोरं एकत्र सोडतात. तिथे पहिल्या पाच मिनिटांत ग्रुपचे तीन तुकडे होतात आणि तुम्ही कितीही हुशारीनं चालवलं तरी पुढचा तुकडा तुमच्यासाठी नसतो. अशा वेळी दुसऱ्या तुकड्याच्या पुढच्या भागात राहा आणि तीच आपली शर्यत समजा. पण तुम्ही वर्णन केलेली शर्यत, चार काटकोन आणि चाळीस माणसं, यात जागा हीच मुख्य गोष्ट.

‘मागे सुरक्षित’ हा समज आधी काढून टाका. पुढे कुणी पडला तर मागच्यांना तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय मागे असतात ती दमलेली माणसं, आणि दमलेला माणूस रेष सोडतो. चाळीसच्या ग्रुपमध्ये आठवी ते पंधरावी जागा मला सगळ्यात सोयीची वाटते. वारा अंगावर येत नाही, पुढे काय चाललंय ते दिसतं, वळणात फार ब्रेक लागत नाही.

ही जागा मिळवणं सोपं, टिकवणं अवघड. ग्रुप आतून सतत ढवळत असतो. दोन्ही बाजूंनी माणसं पुढे येत असतात, आणि तुम्ही नुसतं समोरचं चाक धरून बसलात तर दोन लॅपमध्ये आपोआप तिसाव्या जागेवर जाता. तुम्हाला वाटतं आपण जागचे हललो नाही. म्हणून जागा टिकवायची तर सारखं थोडं थोडं पुढे सरकत राहायचं. कुठे सरकायचं हे महत्त्वाचं. वळणानंतर वेग घेऊन झाला की सरळ रस्त्याच्या मध्याला ग्रुप जरा सैलावतो, पुढचे एकमेकांकडे बघतात, तेव्हा बाजूनं दोन-चार जागा घ्यायच्या. पाठीमागून वारा असलेल्या बाजूला हे स्वस्तात होतं. समोरून वारा असलेल्या बाजूला बाहेर पडू नका, तिथे कुणाच्या तरी मागे गप्प बसा. आणि वळणाच्या तोंडाशी आतून घुसून जागा घेणं, हे काही जण हुशारी म्हणून करतात. त्यात बाहेरच्या चार जणांना ब्रेक लावायला लागतात आणि कधी तरी सगळे आडवे होतात. मला ते अजिबात पटत नाही. सरकताना ‘डावीकडून येतोय’ एवढं मोठ्यानं म्हटलं की पुरतं. मागे आपलं सोलापुरी ‘बे’ जोडलंत तर पुण्याची पोरं वळून बघतील, आणि वळून बघणारा माणूस सायकल सरळ चालवत नाही.

वळणाचं तंत्र तुम्ही वाचलेलं असणार, म्हणून फक्त ग्रुपमध्ये जे वेगळं होतं ते सांगतो. एकट्यानं फिरताना बाहेरून शिरायचं, आतला कोपरा गाठायचा, पुन्हा बाहेर पडायचं. ग्रुपमध्ये ही मोकळीक नसते. तुमच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. बाहेरच्या रेषेत शिरलात तर बाहेरच्याच रेषेत राहा, आतल्या रेषेत शिरलात तर आतच. समोरच्यानं जो वळसा घेतला तोच तुमचा. ब्रेक जो काही लावायचा तो सायकल सरळ असताना, झुकण्याच्या आधी. हात हँडलच्या खालच्या बाकावर, म्हणजे वजन खाली येतं आणि ब्रेकवर बोटं नीट बसतात. बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, आतला पाय वर. तो खाली राहिला आणि तुम्ही झुकून पॅडल मारलं तर पॅडल रस्त्याला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. नजर समोरच्याच्या टायरवर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून पुढच्या तीन-चार जणांकडे बघा. आणि गिअर वळणाआधीच एक-दोन दात हलका करा. बीआरएमवाले हे हमखास विसरतात. वळणातून बाहेर पडताना जड गिअरवर उभं राहून लोळवत बसलात तर दहाव्या लॅपला मांड्या संपतात. पाय मिनिटाला 95-100 फेऱ्यांनी फिरत असले तर बसल्या बसल्या वेग पकडता येतो.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा: तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घालून ठेवू नका. तो सहज अर्धा फूट सरकला तरी पडता तुम्ही, तो नाही. त्याला बहुतेक वेळा काय झालं ते कळतही नाही.

आणि इतकं करूनही शेवटी फेकले गेलात तर? होतं असं. मग निदान सगळ्यात शेवटची जागा घ्या, उपांत्य नको. शेवटच्या माणसाला एक चैन असते: वळणाच्या आधी दोन-तीन सायकलींची फट मुद्दाम सोडता येते, कारण ती भरायला मागे कुणी नसतं. पुढचे ब्रेक लावून जमा होतात, तुम्ही ब्रेक न लावता त्या फटीत वाहत येता आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेगानं वळणातून निघता. ही युक्ती तात्पुरती, दोन लॅप दम खाऊन पुन्हा वर जाण्यासाठी. शर्यतभर तिथे बसलात तर पुढे कुणाचा धागा तुटला ते तुम्हाला दिसणार नाही, आणि तुमची चूक नसताना ग्रुप जाईल. मला शंका आहे की अकराव्या लॅपला तुमचं हेच झालं असावं. फट तुमच्यासमोर पडली की तुमच्यापुढच्या दमलेल्या माणसासमोर? आठवून बघा.

आता सरावाचं. तुळजापूरची फेरी चालू ठेवा, पण त्यानं हे येणार नाही. हिप्परगा तलावापासून पुढे तुम्ही एका वेगानं सरळ चालवता, घाट सोडला तर वळण असं नाहीच. आठवड्यातला एक दिवस चार-पाच मित्रांना घ्या आणि एमआयडीसीत किंवा जुळे सोलापुरात आतल्या बाजूला किलोमीटरभराचा चौकोनी फेरा शोधा. उजाडल्यावर, रहदारी सुरू व्हायच्या आत. आधी एक फेरी सावकाश मारून वाळू, स्पीडब्रेकर, मॅनहोलची झाकणं बघून घ्या. सगळी वळणं डावीकडची ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्यांची वाट कापावी लागत नाही. पूर्ण मोकळ्या रस्त्याशिवाय शर्यतीचा वेग नको, 28-30 पुरे. इथे वेग शिकायचा नाहीये, समोरच्यापासून हातभर अंतरावर राहून ब्रेक न लावता वळायला शिकायचंय. दर लॅपला शेवटचा माणूस पुढे येईल असं ठेवा. हमरस्त्यावर हे प्रयोग करू नका. गळीत हंगामात तर पहाटे उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना उभ्या असतात, तिथे अर्ध्या मीटरवर चाक धरून चालणं म्हणजे विषाची परीक्षा.

दुसरा सराव मातीच्या मैदानावर, चालण्याच्या वेगानं, सीटं थोडी खाली करून. दोघांनी शेजारी शेजारी चालवायचं आणि खांद्याला खांदा, कोपराला कोपर टेकवायचा. मग मागच्यानं पुढच्या चाकाला आपलं चाक हलकंच लावून बघायचं. पडलात तर मातीत पडता, कपडे झटकून उठता. होम मैदानावर फिरायला येणारे काका हसतील, हसू द्या. फक्त गड्डा यात्रेच्या दिवसांत तिकडे फिरकू नका. भीती जायला मला तरी याच्याइतका उपयोगी दुसरा उपाय सापडलेला नाही. धक्का लागला तरी सायकल सरळ जाते हे अंगाला कळावं लागतं, डोक्याला कळून भागत नाही.

इंटरवलना माझा विरोध नाही, प्रकार बदला. वीस-वीस मिनिटांचे लांब प्रयत्न तुमच्याकडे आधीच आहेत. त्याऐवजी आठवड्यात एक दिवस असं करा: 25 च्या वेगावरून 10 सेकंद जोरात, मग 35 सेकंद मध्यम, पूर्ण विश्रांती नव्हे. असं 10 मिनिटं. मग 5 मिनिटं हलकं. पुन्हा तेच, एकूण तीन वेळा. मधली 35 सेकंद मध्यम ठेवणं हाच यातला त्रास आणि हाच उपयोग, कारण शर्यतीत दोन वळणांच्या मधे कुणी तुम्हाला पाय सोडून बसू देत नाही. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी साडेसातच्या आत उरका. आपल्याकडचं 42 च्या घरातलं ऊन सरावाचा दर्जा खाऊन टाकतं.

चाकांबद्दल थोडक्यात. पैसे असतील आणि हौस असेल तर घ्या, पण पहिल्या दोन-तीन शर्यती आहेत त्याच अॅल्युमिनियमच्या चाकांवर खेळा. पडलात तर खिशाला परवडतं. त्याऐवजी चांगले टायर घ्या आणि हवा कमी भरा. आपल्याकडे सायकलवाला 110-120 पीएसआय भरून देतो आणि टायर दगडासारखा झाला की आपल्याला बरं वाटतं. तुमच्या वजनाला 28 मिमीच्या टायरमध्ये 70 च्या आसपास, 25 मिमी असेल तर 80 च्या आसपास ठेवून बघा, मग रस्त्याप्रमाणे थोडं कमी-जास्त. टायर वळणात नुसता उडत न जाता चिकटून राहतो. लांबच्या राइडसाठी लावलेले एअरोबार, म्हणजे हँडलवरून पुढे येणारे हात टेकायचे दांडे, काढायला विसरू नका, एकत्र सुटणाऱ्या शर्यतीत ते चालत नाहीत. हँडलच्या टोकांना बुचं आहेत का तेही बघा. नसली तर सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवू शकतात, आणि ते बरोबरच आहे.

शर्यतीच्या दिवशी दोन-अडीच तास आधी खा, पोहे-केळं असं साधं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी शर्यत संपल्यावर. पाऊण तासाला एक बाटली पुरते. वॉर्मअप मात्र टाळू नका. बीआरएममध्ये पहिले 20 किलोमीटर हाच वॉर्मअप असतो, क्रिटेरियममध्ये पहिली पाच मिनिटं सगळ्यात वेगवान असतात. वीस-पंचवीस मिनिटं फिरवा, शेवटी दोन-तीन जोरदार झटके, आणि घाम सुकायच्या आत रेषेवर जाऊन पहिल्या-दुसऱ्या रांगेत उभे राहा. तुम्ही बहुधा शेवटच्या रांगेत उभे राहिलात आणि बुटाची क्लीट पॅडलमध्ये बसवता बसवता दहा जण आणखी पुढे गेले. पंचांच्या सूचना नीट ऐका: पंक्चर झालं तर फुकट लॅप (एक लॅप थांबून पुन्हा ग्रुपमध्ये शिरायची मुभा) मिळतो का, शेवटच्या किती लॅपमध्ये मिळत नाही, मागे पडलेल्याला केव्हा काढतात. आयोजकांगणिक हे बदलतं. मधल्या लॅपला बक्षिसाची घंटा वाजली तर तिच्यासाठी धावू नका. पण तिच्यानंतर लगेच ग्रुप ढिला पडतो, तेव्हा जागा घ्या.

शेवटच्या स्प्रिंटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, आणि पुढच्या शर्यतीत मी तुम्हाला तिच्यात बघतही नाही. तरी वॉर्मअपच्या फेरीत एक मोजून ठेवा: शेवटच्या वळणापासून रेषा किती लांब. दीडशे मीटर असेल तर त्या वळणातून पहिले तीन-चार जण निघतील त्यांच्यातच निकाल लागतो. चारशे असेल, आणि वारा समोरून असेल, तर सहाव्या-सातव्या जागेवरूनही येता येतं.

पुढची शर्यत कधी, थांबू का, हाही तुमचा प्रश्न होता. थांबू नका. वरचा सराव पाच-सहा आठवडे करा आणि उतरा. त्या शर्यतीत क्रमांक नाही बघायचा. प्रत्येक लॅपला रेषा ओलांडताना तुमच्यापुढे किती जण आहेत एवढंच मनात मोजायचं, आणि पंधराच्या वर गेलं की पुढच्या सरळ रस्त्यावर दोन जागा परत घ्यायच्या. हँडलवर कॅमेरा लावायची परवानगी देत असतील तर लावा. नंतर राइडची फाइल आणि तो व्हिडिओ इथे टाका. कोणत्या वळणात तुम्ही ब्रेक जास्त लावता ते बघून पुढचं सांगता येईल.